ग्राफिक्स कार्ड तापतंय? आधी मोजा, मग उघडा

या वेळच्या प्रश्नोत्तरांत गेमिंग कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचं तापणं एवढा एकच विषय घेतला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गेम सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत माझ्या कार्डाचं तापमान ८३ अंश सेल्सियसवर जातं आणि तिथेच थांबतं. पंख्यांचा आवाज खूप वाढतो. हे धोक्याचं आहे का? थर्मल पेस्ट बदलून घ्यावी का?

उत्तर : थर्मल पेस्ट म्हणजे चिप आणि हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पात्यांचा भाग) यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप. तिचा विचार सध्या बाजूला ठेवा. नुसत्या ८३ या आकड्यावरून काहीच ठरत नाही. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांना कारखान्यातूनच ८३ च्या आसपासचं लक्ष्य तापमान दिलेलं असतं. तिथवर पोचलं की कार्ड पंखे वाढवतं, क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, थोडं थोडं उतरवतं आणि त्या आकड्याच्या पुढे जायचं टाळतं. आरटीएक्स ३०८० साठी कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे, आरटीएक्स ४०९० साठी ९०. म्हणजे तुमचं कार्ड जळायच्या बेतात नाही. पण ते ८३ वर थांबतंय ते बहुधा स्वतःचा वेग कमी करून, आणि तेवढे फ्रेम तुमच्या हातचे जात आहेत.

एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड यांपैकी एक प्रोग्रॅम घ्या, गेम वीस मिनिटं चालू ठेवा आणि एकाच वेळी तीन आकडे लिहून घ्या : कोअरचं (मुख्य चिपचं) तापमान, हॉटस्पॉटचं तापमान आणि मेमरीचं तापमान. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या अनेक सेन्सरपैकी त्या क्षणी सर्वांत गरम असलेला. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच जंक्शन म्हणतात. सोबत खोलीचं तापमान आणि पंख्यांचा वेगही टिपा. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच तापतं, त्यामुळे थंड सकाळचे आणि तापलेल्या दुपारचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.

आता त्या आकड्यांची आपसात तुलना करा. कोअर आणि हॉटस्पॉट यांत १० ते २० अंशांचा फरक असणं नेहमीचं आहे. दोन्ही चढलेले आहेत पण फरक तेवढाच आहे, तर चिपमधली उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचते आहे, ती पुढे हवेत जात नाही. दोष धूळ, पंखे किंवा कॅबिनेटमधल्या हवेचा. कोअर ७०-७५ वर आणि हॉटस्पॉट मात्र १०० च्या वर, तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधला सांधा बिघडला आहे, म्हणजे पेस्ट किंवा स्क्रूंचा दाब. आणि ही दोन्ही ठीक असून मेमरी तेवढी १०० च्या वर राहत असेल, तर थर्मल पॅडकडे, म्हणजे मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधल्या मऊ पट्ट्यांकडे, बघायचं. जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करू लागते.

आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांवर हॉटस्पॉटचा आकडा दिसतच नाही. तिथे कोअर, मेमरी आणि पंख्यांचा वेग एवढ्यावरच अंदाज बांधावा लागतो.

यानंतर फुकटातली एक चाचणी करा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तोच गेम, त्याच ठिकाणी, आणखी पंधरा मिनिटं चालवा. तापमान पाच-सात अंशांनी किंवा जास्त उतरलं, तर कार्डात दोष नाही, त्याला ताजी हवा मिळत नाही. काहीच फरक पडला नाही, तरच कार्डाकडे वळा. पेस्ट हा या यादीतला शेवटचा उपाय आहे. इंटरनेटवर तो पहिला म्हणून सांगितला जातो आणि त्यापायी कितीतरी धडधाकट कार्डं विनाकारण उघडली जातात.

प्रश्न : कार्डात धूळ साचली आहे. व्हॅक्यूम क्लीनरने काढली तर चालेल का? हवेच्या डब्याने पंखे बिघडतात असंही ऐकलं.

उत्तर : व्हॅक्यूम क्लीनरचं नळकांडं सर्किटजवळ नेऊ नका. त्यातून वाहणाऱ्या हवेने आणि धुळीने स्थिर वीज तयार होते. दाबलेल्या हवेचा (कॉम्प्रेस्ड एअर) डबा किंवा विजेवर चालणारा छोटा ब्लोअर चांगला, पण हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. जोराच्या झोताने पंखा त्याच्या नेमलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. मोटर उलटी जनरेटरसारखी वागून सर्किटमध्ये व्होल्टेज ढकलते, ते वेगळंच. डबा उभाच धरा, तिरका केला की आतला थंड द्रव बाहेर उडतो.

खरी धूळ पंख्यांवर नसते, ती पंख्यांखाली हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी नमद्यासारखी बसलेली असते. टॉर्च मारून पंख्याच्या पात्यांमधून बघितलं तर दिसते. कार्ड बाहेर काढा आणि हवा आधी कडेच्या बाजूने, म्हणजे जिथून गरम वारा बाहेर पडतो तिथून, आत मारा. थर उलटा सुटून पंख्यांकडून बाहेर येतो. नुसती वरून हवा मारली तर तोच थर आणखी आत दाबला जातो.

प्रश्न : कोअर ७४ आणि हॉटस्पॉट १०५ येतो. कॅबिनेट उघडं ठेवून पाहिलं, फरक पडला नाही. कार्ड चार वर्षांचं आहे. पेस्ट घरी कशी बदलावी? हे पूर्वी केलेलं नाही.

उत्तर : एकतीस अंशांचा फरक, म्हणजे तुमचं निदान बरोबर आहे. असं का होतं ते आधी. ग्राफिक्स कार्डाच्या चिपवर प्रोसेसरसारखं धातूचं झाकण नसतं, उघड्या सिलिकॉनवर हीटसिंकचं तांबं थेट बसतं. तापलं की तांबं सिलिकॉनपेक्षा जास्त पसरतं, थंड झालं की आकसतं. गेम सुरू, गेम बंद, असं वर्षानुवर्षं चालल्यावर पेस्ट मधून हळूहळू कडेला ढकलली जाते आणि चिपचा काही भाग जवळजवळ कोरडा राहतो. तोच भाग हॉटस्पॉट म्हणून दिसतो. पातळ पेस्ट लवकर सरकते, म्हणून प्रोसेसरवर उत्तम ठरलेली पेस्ट कार्डावर काही महिन्यांतच दगा देऊ शकते. कार्डासाठी घट्ट पेस्ट घ्या. त्याहून चांगला पर्याय म्हणजे हनीवेलचं पीटीएम ७९५० हे फेज चेंज मटेरियल. खोलीच्या तापमानाला ते पातळ घट्ट पापुद्र्यासारखं असतं, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन चिप आणि तांब्यामधल्या बारीक खाचा भरतं आणि पेस्टसारखं कडेला पळत नाही. वारंवार कार्ड उघडायची वेळ येऊ नये असं वाटत असेल तर हेच वापरा.

सुरू करण्याआधी वॉरंटीची अट वाचा. काही कंपन्या एखाद्या स्क्रूवर स्टिकर लावतात. वॉरंटी शिल्लक असेल तर एकतीस अंशांचा फरक हे तक्रारीला पुरेसं कारण आहे, स्क्रीनचा फोटो जोडून कार्ड पाठवून द्या.

लागणारं सामान थोडंच : पीएच० आणि पीएच१ मापाचे स्क्रूड्रायव्हर, ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड किंवा कॉफीचा गाळणकागद, पेस्ट किंवा पीटीएम, आणि मेमरीवरचे पॅड फाटलेच तर लावायला योग्य जाडीचे नवे पॅड. एक ग्रॅम पेस्ट एका कार्डाला पुरून उरते.

कार्ड उघडण्याआधी दहा मिनिटं गेम चालवा, म्हणजे वाळलेली पेस्ट आणि पॅड थोडे सैल होतात. मग कॉम्प्युटर बंद करून पॉवर सप्लायचं बटण बंद करा, वायर काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा. कार्डाच्या वायर काढा, मागच्या पट्टीचे स्क्रू काढा, मदरबोर्डवरच्या खाचेची कडी दाबा आणि मगच कार्ड वर ओढा. ती कडी विसरून जोर लावणं हे खाच तुटण्याचं नेहमीचं कारण आहे.

पंखे खाली, बॅकप्लेट (कार्डाच्या पाठीवरचा पत्रा) वर, असं कार्ड कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर कार्डाचं ढोबळ चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. चिपभोवतीचे स्प्रिंगचे चार स्क्रू सर्वांत शेवटी आणि तिरकस क्रमाने, प्रत्येकी थोडे थोडे सैल करा. आता हीटसिंक सुटेल, पण लगेच उचलून वेगळं करू नका. पंख्यांच्या आणि दिव्यांच्या बारीक वायर अजून बोर्डाला जोडलेल्या असतात आणि बऱ्याचदा जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांब असतात. घाईत ओढलं की वायरीसकट अख्खं सॉकेट बोर्डावरून उखडतं. हीटसिंक अलगद डावीकडे-उजवीकडे फिरवून चिकटलेली पेस्ट सोडवा, पुस्तकासारखं थोडं उघडा, प्लगचं प्लास्टिक नखांनी धरून बाहेर काढा. वायर धरून ओढू नका. स्क्रूड्रायव्हर मध्ये घालून तर कधीच उचकटू नका, चिपच्या कोपऱ्याचा टवका उडाला की कार्ड संपलं.

उघडल्याबरोबर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कुठला पॅड बोर्डावर राहिला आणि कुठला हीटसिंकला चिकटला, हे जोडताना आठवत नाही. चिप आणि तांबं अल्कोहोलने पुसून घ्या. चिपभोवती तांदळाच्या दाण्याहूनही लहान कपॅसिटर असतात, तिथे खरवडायचं नाही, ओल्या कापसाच्या काडीने मऊ करून उचलायचं. त्यांच्यामध्ये थोडी जुनी पेस्ट राहिली तरी ती वीज वाहून नेणारी नसेल तर बिघडत नाही.

प्रोसेसरवर मधोमध एक ठिपका टाकून भागतं, इथे नाही. चिप उघडी असल्याने तिचा प्रत्येक कोपरा झाकला गेलाच पाहिजे. पेस्ट टाकून प्लास्टिकच्या पट्टीने सगळीकडे पातळ थर पसरा. किंचित जास्त झाली तर दाबाने बाहेर येते, काही होत नाही. कमी पडली तर पुन्हा उघडावं लागतं. पीटीएम वापरत असाल तर तुकडा चिपच्या मापाचा किंवा केसभर मोठा कापा आणि वरची फिल्म काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. गार असताना फिल्म स्वच्छ निघते, नाही तर पापुद्राच तिच्याबरोबर येतो.

जोडताना स्प्रिंगचे स्क्रू आधी चारही नुसते धरतील इतके लावा. मग तिरकस क्रमाने, प्रत्येक वेळी अर्धा फेरा, असे आवळत जा. बहुतेक कार्डांत या स्क्रूंना खांदा असतो, तिथे ते आपसूक थांबतात. थांबल्यावर आणखी पिळू नका. एका बाजूचे दोन आधी घट्ट केले तर हीटसिंक तिरकं बसतं, आणि नवी पेस्ट लावूनही हॉटस्पॉट तीसच्या फरकावर राहतो तो याच कारणाने. पंख्यांचे प्लग लावल्याची खात्री करून झाकण उघडं ठेवूनच पहिली पंधरा मिनिटं चालवा. हलक्या कामात पंखे फिरत नाहीत म्हणून घाबरू नका, बरीच कार्डं ५०-६० अंशांपर्यंत पंखे बंदच ठेवतात. पीटीएमचे आकडे पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांनंतर आणखी सुधारतात.

प्रश्न : मेमरी १०४ पर्यंत जायची म्हणून सगळे पॅड बदलले. मेमरी ८६ वर आली, पण कोअर आणि हॉटस्पॉट आधीपेक्षा जास्त झाले. असं का?

उत्तर : पॅड जाड झाले किंवा फार टणक निघाले. हीटसिंक आता पॅडवर टेकलं आहे आणि चिपवर पूर्ण दाबलं जात नाही. मूळ पॅड १.५ मिलिमीटरचा असेल तिथे २ चा घातला की अर्धा मिलिमीटर उरतो, आणि पेस्टच्या थराच्या मानाने अर्धा मिलिमीटर म्हणजे प्रचंड अंतर. एकाच कार्डावर मेमरीला एक जाडी, व्होल्टेजच्या भागांना दुसरी आणि बॅकप्लेटला तिसरी, असंही असतं. जुना पॅड मोजून ठरवत असाल तर दबलेल्या जागी मोजू नका, दाब न आलेल्या कडेला मोजा.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला उष्णतावहनाचा आकडा बघून पॅड घेऊ नका. आकडा जितका मोठा तितका पॅड बहुधा टणक. मऊ, दबणारा पॅड कमी आकड्याचा असूनही चांगलं काम करतो. जाडीची खात्री नसेल तर थर्मल पुटी, म्हणजे पॅडऐवजी वापरायचा मऊ लगदा, वापरा. ती दाबाप्रमाणे हवी तेवढी पसरते, त्यामुळे जाडीचा प्रश्नच मिटतो. प्रत्येक मेमरी चिपवर छोटी गोळी ठेवायची, एवढंच. तुमच्या बाबतीत मी हेच सुचवेन : मेमरीवरचे पॅड काढा, पुटी लावा, चिपवर नवी पेस्ट लावा आणि पुन्हा जोडा. जुनी पेस्ट एकदा उघडल्यावर परत वापरायची नाही.

प्रश्न : पेस्ट दोनदा बदलली, स्क्रू नीट आवळले. तरी हॉटस्पॉट ११० वर जातो आणि कोअर सत्तरच्या आत असतो. आता काय करावं?

उत्तर : मग दोष हीटसिंकच्या आतही असू शकतो. मोठ्या कार्डांत चिपवर व्हेपर चेंबर असतो, म्हणजे बंद पोकळ पेटी, आत थोडं पाणी. चिपजवळ पाण्याची वाफ होते, थंड भागाकडे जाऊन पुन्हा पाणी होतं आणि परत येतं. पाणी कमी असलं किंवा परतीची वाट नीट नसली की चिपजवळचा भाग कोरडा पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या स्वतःच्या बनावटीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स कार्डांपैकी काहींत नेमकं हेच झालं होतं. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने व्हेपर चेंबरमधला दोष मान्य केला आणि अशी कार्डं बदलून द्यायची तयारी दाखवली.

ओळखायचं असं : कॅबिनेट आडवं करा, म्हणजे कार्ड मदरबोर्डावर उभं राहील, आणि तोच गेम तेवढाच वेळ चालवा. नुसत्या या बदलाने हॉटस्पॉटमध्ये मोठा फरक पडला, तर व्हेपर चेंबर किंवा हीटपाइपचा संशय पक्का धरा. यावर घरगुती इलाज नाही. कार्ड बदलून घ्यायचं किंवा पूर्ण हीटसिंक बदलायचं.

प्रश्न : झाकण काढलं की ११ अंश कमी होतात. पुढे काचेचं पॅनेल आहे, मागे एक पंखा. आणखी किती पंखे लावू?

उत्तर : आधी काचेचा विचार करा. काच आणि पुढच्या पंख्यांमध्ये बोटभर फट असेल आणि हवा कडेच्या चिरेतूनच येत असेल, तर पुढे तीन पंखे लावूनही ते एकमेकांच्या तोंडचा वारा ओढत राहतील. जाळीचं पॅनेल मिळत असेल तर ते लावा, नाही तर काच काढून चाचणी घ्या. पंखे पुढे दोन १४० किंवा तीन १२० मिलिमीटरचे, आत हवा घेणारे, आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढं बहुतेक गेमिंग कॅबिनेटला पुरतं. सर्वांत खालचा पुढचा पंखा कार्डाच्या पातळीला येईल असं बघा, कार्डाचा वारा तोच पुरवतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की धूळ फिल्टरवरच अडते, कुठल्याही फटीतून आत घुसत नाही.

कार्ड उभ्या पट्टीवर काचेला खेटून लावलं असेल तर ते तिथून काढा. दिसतं छान, पण पंख्यांसमोर तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा नसेल तर त्यांना ओढायला हवाच उरत नाही.

प्रश्न : कार्ड न उघडता तापमान कमी करायचा काही मार्ग आहे का? पंखे जोरात लावले तर आवाज सहन होत नाही.

उत्तर : आहे, आणि कार्ड सुस्थितीत असेल तर हाच सर्वांत चांगला. उष्णता म्हणजे खर्च झालेली वीज, आणि चिपचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १.०५ व्होल्टवरून ०.९० वर आलात तर त्याच वेगाला चिपचा चालू खर्च साधारण २६ टक्क्यांनी घटतो. कंपन्या प्रत्येक चिप चालेल एवढं व्होल्टेज सरसकट देतात, त्यामुळे बहुतेक चिपना त्यातलं बरंचसं लागत नाही.

सोपी पायरी : एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट १०० वरून ८० टक्क्यांवर आणा. वीज पाचव्या हिश्श्याने कमी होते, फ्रेम मात्र त्याहून बरेच कमी घटतात. पुढची पायरी अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं : एनव्हिडियाच्या कार्डावर आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज आणि वेगाचा आलेख (कर्व्ह) उघडा. कोअर क्लॉकचा स्लायडर २५० ने खाली घ्या, मग ९०० मिलिव्होल्टवरचा बिंदू वर ओढून तुमचं कार्ड गेममध्ये सहसा गाठतं त्या वेगावर किंवा जरा खाली ठेवा आणि बदल लागू करा. त्या बिंदूच्या उजवीकडची रेघ सपाट होईल. आरटीएक्स ३०८० साठी ९०० मिलिव्होल्टला १८०० ते १८५० मेगाहर्ट्झ ही सुरुवात ठीक आहे. पुढच्या मालिकांचे वेग वेगळे, तो आकडा तसाच उचलू नका. गेम बंद पडला किंवा ड्रायव्हर रीसेट झाला तर १५ मेगाहर्ट्झने खाली या, क्लॉक त्याच टप्प्यांनी बदलतं. एएमडीच्या कार्डावर कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून २५-२५ मिलिव्होल्टने उतरा. एका चाचणीवर विसंबू नका, रे ट्रेसिंग असलेला एक जड गेम तासभर चालवून बघा. कॉम्प्युटर सुरू होताना हा बदल आपोआप लागू होण्याचं बटण मात्र सगळ्या चाचण्या संपेपर्यंत दाबू नका.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर फ्रेम १४१ वर बांधून टाका. दिसत नाहीत असे फ्रेम काढण्यात कार्डाने तापायचं काही कारण नाही.

प्रश्न : तीनपैकी एक पंखा खडखडतो आणि अधूनमधून थांबतो. तेल घालू का?

उत्तर : तेलाने काही आठवडे निघतात, पुढे तेच तेल धूळ धरून बेअरिंग जाम करतं. पंखा बदला. पंख्याच्या मधल्या गोलावर मागच्या बाजूला मॉडेल नंबर असतो, त्यावरून शोधा, आणि घेण्याआधी पात्यांचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि प्लगच्या पिना जुळवा. मधला पंखा काही कार्डांत उलट दिशेने फिरतो, तेही तपासा.

प्रश्न : बंद पडलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजलं की चालू होतं असं वाचलं. आणि पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावावं का?

उत्तर : दोन्ही नको. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, आणि सांगितलं जातं तेवढ्या तापमानाला ते वितळतही नाही. कार्ड काही दिवस जिवंत झालंच तर चिपच्या आतले तडकलेले सांधे तापून तात्पुरते टेकलेले असतात. प्लास्टिक आणि कपॅसिटर मात्र खराब होतात आणि त्यांचा धूर अन्न शिजवायच्या ओव्हनमध्ये राहतो. लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं. ते वीज वाहून नेतं, ॲल्युमिनियम पोखरतं, आणि उघड्या चिपभोवतीच्या कपॅसिटरवर एक थेंब ओघळला तरी शॉर्ट होतो.

प्रश्न : कार्डाचं तापमान ६८ च्या पुढे जात नाही, पण गेम खेळताना जळका वास येतो.

उत्तर : लगेच बंद करा आणि वीज तोडा. तापमानाचे सेन्सर चिप आणि मेमरीपाशी असतात, पॉवरच्या प्लगमध्ये नसतात. १६ पिनांचा प्लग पूर्ण आत बसला नसेल तर थोड्याच पिनांतून सगळा प्रवाह जातो आणि प्लास्टिक वितळतं. प्लग काढून पिनांची कड काळी किंवा फुगलेली आहे का ते उजेडात बघा. तशी असेल तर ती वायर पुन्हा वापरू नका आणि कार्डाकडचं सॉकेट तपासून घ्या. ठीक असेल तर फट दिसणार नाही इतका आत दाबा आणि प्लगपासून पहिले साडेतीन सेंटिमीटर वायर सरळ ठेवून मगच वळवा. काच त्या वायरीला दाबत असेल तर झाकण लावू नका.